येत असलेले उत्तर

जानेवारीतल्या एका संध्याकाळी आमच्या कार्यालयातील एक मराठी सहायक आपल्या मुलास घेऊन माझ्याकडे आले. दिल्लीच्या थंडीत सहसा कोणी विनाकारण घराबाहेर पडत नाही. तेव्हा काम निकडीचे असणार, हे मी ओळखले. मुलगा बारावीत होता. शाळेत नुकत्याच झालेल्या पूर्वपरीक्षेची इतिहासाची तपासलेली उत्तरपत्रिका त्याच्या हातात गुंडाळलेली होती. ऐंशीपैकी एकेचाळीस गुण. "साहेब, ह्याला सगळं येतं हो," वडील म्हणाले. "आत्ता विचारा, घडाघडा सांगेल. पेपरात काय होतं, तेच समजत नाही."

मी विचारले, आणि मुलाने खरोखरच सांगितले. विजयनगरच्या पाणीपुरवठ्याबद्दल विचारता त्याने कमलापुरमचा तलाव सांगितला, हिरिया कालवा सांगितला, आणि न विचारता अब्दुर रझ्झाकने पाहिलेल्या तटबंदीच्या सात रांगाही सांगितल्या. मग मी उत्तरपत्रिका उलगडली. हडप्पाकालीन नगररचनेवरील तीन गुणांच्या प्रश्नास त्याने तीन पृष्ठे भरून उत्तर लिहिले होते. अक्षर सुरेख, मजकूर बिनचूक. तीनपैकी तीन गुण मिळाले होते. त्याहून अधिक मिळणे शक्यच नव्हते. शेवटी मात्र विजयनगरचा आठ गुणांचा प्रश्न कोरा होता आणि पाच गुणांचा नकाशाही कोरा होता. जे त्याने मला पाच मिनिटांत तोंडी सांगितले, ते कागदावर उतरलेच नव्हते.

मी त्याला हिशेब मांडून दाखविला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या ह्या प्रश्नपत्रिकेचे गुण ८० आणि वेळ तीन तास, म्हणजे १८० मिनिटे. एका गुणाच्या वाट्यास सव्वादोन मिनिटे येतात. तीन गुणांच्या प्रश्नास पावणेसात मिनिटे, आठ गुणांच्या प्रश्नास अठरा मिनिटे, नकाशास सव्वाअकरा. हडप्पाच्या त्या तीन पृष्ठांना किती वेळ लागला असेल, असे विचारता तो म्हणाला, "काका, पंचवीस मिनिटं तरी गेली असतील." हा भागाकार पाचवीतले मूल करू शकेल. परंतु बारा वर्षांच्या शालेय आयुष्यात तो त्याच्यापुढे कोणी एकदाही करून दाखविला नव्हता.

ज्ञान असणे आणि मागितलेल्या वेळी, मागितलेल्या प्रमाणात ते देता येणे ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली शिकविण्यासाठी आपण शाळा चालवितो. दुसरी मुलाला आपोआप येईल असे गृहीत धरतो. ज्या घरी आईवडील पदवीधर आहेत, थोरल्या भावंडांनी परीक्षा दिल्या आहेत, तेथे ती जेवताना, बोलताना, सहज कानावर पडून येते. ज्या घरात शाळेची पायरी चढणारे ते मूल पहिलेच असते, तेथे ती कोठून येणार? म्हणूनच परीक्षा देण्याचे तंत्र वर्गात, सर्वांना, उघडपणे शिकविले पाहिजे असे माझे मत आहे. तंत्र हा शब्द उच्चारताच काही शिक्षकांच्या कपाळी आठी पडते, हे मी जाणतो. 'हमखास येणारे वीस प्रश्न' छापून विकणाऱ्या पुस्तिकांनी तो शब्द बदनाम केला आहे. त्या पुस्तिका ज्ञानावाचून गुण देऊ पाहतात. मी ज्याविषयी बोलत आहे, त्याचा हेतू इतकाच की, जे येत आहे त्याचे गुण हातचे जाऊ नयेत.

पहिली गोष्ट प्रश्न वाचण्याची. हे सांगावयास हवे काय, असे आपणांस वाटेल; पण उत्तरपत्रिका तपासणाऱ्या कोणाही शिक्षकास विचारून पाहावे. विद्यार्थी प्रश्न वाचत नाही. तो प्रश्नातील ओळखीचा शब्द पाहतो आणि त्या शब्दाविषयी जे ठाऊक असेल ते लिहू लागतो. एक उदाहरण घेऊ. '१९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या रोजगारविषयक धोरणास कोणती दिशा दिली, ते सोदाहरण स्पष्ट करा.' येथे 'दुष्काळ' हा शब्द दिसताच निम्मा वर्ग पाऊस कसा पडला नाही, विहिरी कशा आटल्या, गुरे कशी मेली, ह्याचे वर्णन करू लागेल. वर्णन कदाचित हृदयस्पर्शीही असेल. पण प्रश्नाचा रोख धोरणावर आहे. दुष्काळी कामांतून रोजगार हमी योजना कशी आकारास आली, मागेल त्यास काम हे तत्त्व १९७७ च्या अधिनियमाने कसे मान्य झाले, त्या कामांतून बंधारे, पाझर तलाव, रस्ते कसे उभे राहिले, हे त्याचे उत्तर होय. दुष्काळाच्या हकिकतीस एखादे वाक्य पुरे.

ह्यासाठी वर्गात करण्याजोगा एक साधा प्रयोग आहे. महिन्यातून एक तास असा ठेवावा की, ज्यात उत्तर लिहावयाचेच नाही. फळ्यावर दहा प्रश्न लिहावेत आणि प्रत्येक प्रश्नात तीन ठिकाणी अधोरेखा मारावयास सांगावे: विषय कोणता, त्याची मर्यादा कोणती, आणि क्रिया कोणती सांगितली आहे. 'कारणे द्या', 'फरक स्पष्ट करा', 'टीप लिहा', 'मूल्यमापन करा' ह्या निरनिराळ्या आज्ञा आहेत. फरक विचारला असता आधी एकाचे वर्णन आणि मग दुसऱ्याचे वर्णन लिहून चालत नाही. एकेका मुद्द्यावर दोहोंना समोरासमोर उभे करावे लागते. मूल्यमापन म्हटले की दोन्ही बाजू मांडून, शेवटी स्वतःचा निर्णय द्यावा लागतो, आणि नेमका तो निर्णय देण्यास आपली मुले भितात. शिक्षक सांगतील ते मत, पुस्तकात असेल ते मत, एवढेच त्यांना सुरक्षित वाटते. हा दोष परीक्षेच्या तंत्राच्याही पलीकडचा आहे. पण त्याची सुरुवात मोडावयाची तर ती अशाच लहान प्रश्नांपासून मोडता येते.

प्रश्नपत्रिका वाचण्यास निराळा वेळ असावा की नाही, ह्याबाबत मंडळांचे नियम सारखे नाहीत. केंद्रीय मंडळ आरंभी पंधरा मिनिटे केवळ वाचनासाठी देते. महाराष्ट्राच्या मंडळात पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटे आधी हाती पडे. २०२३ पासून ती दहा मिनिटे आधी न देता शेवटी जोडण्यात आली. आरंभी वेळ मिळो वा न मिळो, पहिली काही मिनिटे लेखणी खाली ठेवून सबंध प्रश्नपत्रिका वाचावी, येणाऱ्या प्रश्नांपुढे खूण मनात करावी, आणि पर्यायी प्रश्नांपैकी कोणता लिहावयाचा हे तेव्हाच ठरवावे. अर्धे उत्तर लिहून झाल्यावर 'दुसरा प्रश्न घेतला असता तर बरे झाले असते' असे वाटून मागील पृष्ठावर काट मारणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. शेजारचा मुलगा पहिल्या मिनिटापासून लिहीत सुटला आहे हे पाहून स्वस्थ बसणे कठीण असते. म्हणूनच तेही सरावाने शिकवावे लागते.

वेळेचा हिशेब मी वर सांगितलाच. त्यामागील कारण मात्र मुलांना नीट समजावून द्यावे, नाहीतर तो हिशेब नुसता पाठ होतो आणि परीक्षेच्या दालनात विसरला जातो. कोणत्याही उत्तरात आरंभीचे गुण लवकर मिळतात आणि शेवटचे गुण फार कष्टाने मिळतात. आठ गुणांच्या प्रश्नात मुख्य मुद्दे मांडले की चार-पाच गुण पदरी पडतात; सहावा-सातवा गुण उदाहरणांचा आणि मांडणीचा; आठव्यासाठी कितीही घासले तरी भरवसा नाही. तेव्हा एका प्रश्नात आठवा गुण मिळविण्यासाठी दहा मिनिटे घालविण्यापेक्षा कोऱ्या राहिलेल्या प्रश्नाचे पहिले चार गुण त्याच दहा मिनिटांत मिळविणे शहाणपणाचे. गणितात आणि विज्ञानात तर पायऱ्यांनाही गुण असतात; शेवटचे उत्तर चुकले तरी सूत्र, मांडणी आणि मधली आकडेमोड व्यर्थ जात नाही. हे ठाऊक नसलेले मूल उत्तर जुळत नाही असे दिसताच सबंध उदाहरण खोडून टाकते.

हा धडा मी स्वतः फार महागात शिकलो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत त्या काळी वैकल्पिक विषयाच्या प्रश्नपत्रिकेत पाच प्रश्न सोडवावयाचे असत, प्रत्येकी साठ गुण. म्हणजे एका प्रश्नास छत्तीस मिनिटे. पहिल्या प्रयत्नात संतकाव्यावरील प्रश्न समोर दिसला आणि माझे भान हरपले. एम. ए. ला वाचलेले सारे त्या उत्तरात ओतले. मान वर केली तेव्हा एक तास पाच मिनिटे झाली होती. पाचवा प्रश्न मला येत होता, आणि त्यास नऊ मिनिटे उरली होती. त्या वर्षी मी मुलाखतीपर्यंत पोहोचलो नाही. पुढच्या वर्षी घरी बसून, घड्याळ लावून, तीन तासांच्या पूर्ण प्रश्नपत्रिका लिहिल्या. ज्ञानात वर्षभरात फारशी भर पडली होती असे मला वाटत नाही. आज त्याच परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या प्रश्नपत्रिकेत तीन तासांत वीस प्रश्न असतात, दहा गुणांचे दहा आणि पंधरा गुणांचे दहा. सात मिनिटे एकास आणि अकरा मिनिटे दुसऱ्यास दिली, तर बरोबर १८० मिनिटे भरतात. विचार करण्यास वेगळे मिनिट उरत नाही. अशा परीक्षेस बसणाऱ्याचा हात सरावलेलाच असावा लागतो.

ह्या सरावाचा दुसराही एक लाभ आहे, आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. आपली मुले अभ्यास म्हणजे वाचन समजतात. तोच धडा पाचदा वाचला की तो ओळखीचा वाटू लागतो आणि ओळखीचा वाटला की 'आला' असा भ्रम होतो. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक ह्या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला. इतरांनी तो वाचून, मग मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारता पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारता चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात कितीतरी अधिक राहिले होते. परीक्षा ही केवळ मोजपट्टी नसून शिकण्याचे साधनही आहे, असा ह्याचा अर्थ. पुस्तक मिटून पाढे म्हणावयास लावणारे आपले जुने पंतोजी हे प्रयोगावाचून जाणत होते. मात्र छडीचे समर्थन ह्यातून कोणी काढू नये.

पुढे त्या बारावीतल्या मुलाबरोबर आमच्या वसाहतीतील आणखी पाच-सहा मुले रविवारी सकाळी येऊ लागली. त्यांच्याबरोबर एक उपाय करून पाहिला, तो शिक्षकांनी अवश्य करून पाहावा. एकाच प्रश्नाची चार उत्तरे, नावे झाकून, त्यांच्या हाती दिली आणि त्यांनाच गुण द्यावयास सांगितले. आधी पाच मुद्द्यांची गुणयोजना त्यांनीच तयार केली. मुले परीक्षक म्हणून भयंकर कडक असतात! एका मुलीने लांबलचक उत्तरास दोनच गुण दिले आणि तक्रार केली, "ह्यात मुद्दा आहे, पण तो शोधावा लागतो. मी का शोधू?" ते उत्तर तिचेच होते. ते तिला कळले तेव्हा सारे हसले, तीही हसली. पण पुढच्या रविवारपासून तिच्या उत्तरांत परिच्छेद पडू लागले, आणि प्रत्येक परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात मुद्दा येऊ लागला. मी हे शंभर वेळा सांगितले असते तरी झाले नसते. मंडळे आता नमुना प्रश्नपत्रिका आणि गुणयोजना प्रसिद्ध करतात. शालान्त परीक्षेच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने, परीक्षार्थीस आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहितीच्या अधिकाराखाली पाहता येते, असा निर्णय दिला. ही दारे उघडी आहेत, पण आपल्याकडे उत्तरपत्रिका परत मिळाली की फक्त पहिल्या पृष्ठावरील आकडा पाहतात.

आता पर्यायी प्रश्नांविषयी थोडे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेपासून वैद्यकीय प्रवेशापर्यंत चार पर्यायांतून एक निवडण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली आहे. येथे 'अंदाज करू नये' असा सरसकट उपदेश केला जातो. तो गणिताच्या कसोटीस उतरत नाही. लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत १०० प्रश्नांस २०० गुण असतात आणि चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वजा होतो. अगदी काहीच ठाऊक नसलेले बारा प्रश्न डोळे मिटून सोडविले, तर सरासरीने तीन बरोबर येतील, त्यांचे सहा गुण. नऊ चुकतील, त्यांचे सहा गुण वजा. हाती शून्य. पण प्रत्येक प्रश्नात दोन पर्याय खात्रीने चूक आहेत असे सांगता आले, तर बारांपैकी सहा बरोबर येतात. बारा गुण मिळतात आणि चार वजा होतात. आठ गुण पदरी पडतात. अर्धवट ज्ञानासही मोल आहे, असा ह्या आकड्यांचा अर्थ आहे. भित्रे मूल हे आठ गुण सोडून येते, आणि धाडसी मूल काहीच ठाऊक नसलेल्या प्रश्नांवर जुगार खेळते. जेथे चुकीस दंड नाही तेथे एकही प्रश्न कोरा सोडू नये, हे तर उघड आहे. प्रत्येक परीक्षेचा नियम निराळा असतो. 'नीट' परीक्षेत बरोबर उत्तरास चार गुण मिळतात आणि चुकीस एक वजा होतो. तेव्हा हिशेबही निराळा करावा लागतो. तो परीक्षेच्या आदल्या महिन्यात मुलाने स्वतः कागदावर करावा. परीक्षेच्या दालनात तो करणे अशक्य होय.

ह्याच संदर्भात आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. 'पहिले सुचलेले उत्तर बदलू नये', असे मीही विद्यार्थीदशेत ऐकले होते आणि इतरांना सांगितले होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवरील खोडलेल्या खुणा मोजण्यात आल्या. सुमारे निम्मे बदल चुकीकडून बरोबरकडे झाले होते. बरोबरकडून चुकीकडे झालेले बदल सुमारे एक चतुर्थांश. मग समजूत टिकते कशी? बरोबर उत्तर बदलून चूक केल्याचे दुःख वर्षानुवर्षे लक्षात राहते, आणि चूक सुधारल्याचे कोणाच्या लक्षातही राहत नाही. तेव्हा बदलण्यास काही कारण सापडले असेल, प्रश्नातील 'नाही' हा शब्द प्रथम नजरेतून सुटला असेल, तर नि:शंकपणे बदलावे. नुसती धास्ती हे मात्र कारण नव्हे.

धास्तीचा विषय निघालाच आहे. 'घाबरू नकोस' हा जगातील सर्वांत निरुपयोगी सल्ला असावा. घाबरलेल्या मुलास त्याने आपल्या घाबरण्याचीही लाज वाटू लागते, एवढेच. रामिरेझ आणि बाइलॉक ह्या संशोधकांनी २०११ साली असे दाखविले की, परीक्षेची फार भीती बाळगणाऱ्या विद्यार्थ्यांनी परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या मनातील भीती कागदावर लिहून काढली असता त्यांचे गुण सुधारले. आमच्या रविवारच्या मंडळीत एका मुलाने हा कागद लिहिला. त्याने मला तो दाखविला नाही, आणि मीही मागितला नाही. ह्याखेरीज झोप. रात्री दोनपर्यंत जागून वाचलेला धडा सकाळी आठवेलही, पण प्रश्नातील 'नाही' हा शब्द थकलेल्या डोळ्यांतून नेमका सुटतो.

पालकांना मात्र एक विनंती आहे. मुलगा परीक्षा देऊन घरी येताच प्रश्नपत्रिका मागून एकेका प्रश्नाची उलटतपासणी करण्याचा जो प्रघात मराठी घरांत आहे, मग ते घर इंदूरला असो, बडोद्याला असो की दिल्लीला, तो सर्व पेपर संपेपर्यंत तरी बंद ठेवावा. झालेल्या पेपरातील चार गुणांची चूक त्या संध्याकाळी दुरुस्त होत नाही. उद्याच्या पेपरातील दहा गुण मात्र तिच्यापायी जाऊ शकतात.

मार्चमध्ये मंडळाच्या परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तो मुलगा पुन्हा आला. त्याने एका वहीच्या पानावर प्रश्नांचे गट आणि त्यांपुढे मिनिटे लिहून आणली होती: एका गुणाचे एकवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटे, नकाशा, अकरा मिनिटे, आणि तो सर्वांत आधी. बेरीज एकशे सत्तर मिनिटांची होती. उरलेल्या दहा मिनिटांत काय करणार, असे मी विचारले. प्रश्नांचे क्रमांक बरोबर घातले आहेत का, एखादा उपप्रश्न सुटला आहे का, आणि आसनक्रमांक नीट लिहिला आहे का, हे पाहणार, असे तो म्हणाला. मी त्यात एवढीच भर घातली की, नकाशा उत्तरपत्रिकेस जोडला आहे की नाही, हेही एकदा हात लावून पाहावे.